पेळू पाठवल्याबद्दलचा खुलासा

मुक्काम अमरावती, चैत्र वद्य पंचमी, शके १७८६

राजमान्य राजश्री केशवराव, मुक्काम अकोला, यांसी आपल्या भगिनीचे यजमान वामनराव अर्जनवीस यांचा नमस्कार.

पत्राच्या आरंभी येथे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे, आणि बावीस वर्षे कचेरीच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहिल्यामुळे रीत मोडणे माझ्या हातून होत नाही. म्हणून लिहितो की येथे सर्व क्षेम आहे, एक वगळून. आणि जो एक वगळला तो सध्या आपल्याकडे आहे, तेव्हा त्याचे क्षेम आपणच कळवावे. आपली कंबर कशी आहे? मागच्या पत्रात आपण निरगुडीच्या पाल्याचा शेक घेत असल्याचे लिहिले होते. त्याने गुण आला असल्यास आनंद आहे, आणि आला नसल्यास निदान आपण घरातून फारसे बाहेर पडत नसाल, हेही आजच्या कामाच्या दृष्टीने बरे आहे. आपल्या घरच्या मुंजीची तयारी चालू असेलच.

काम असे की आपल्या गेल्या पत्रातील एका शब्दाबद्दल खुलासा करायचा आहे. खुलासा करायचा तर मुळापासून करावा लागतो. मुळात अमेरिका नावाच्या मुलखात भाऊबंदकी लागली, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडची आठवण झाली. त्या लोकांचे भांडण कशावरून आहे ते इथे कोणालाच ठाऊक नाही, पण ते एवढ्यात मिटू नये म्हणून आमच्या आळीत दोघांनी अंबादेवीला नवस बोलला आहे. कापूस म्हणून जे काही दिसेल ते गाडीत पडते आहे. शेजारच्या महादेवरावांनी घरातल्या गाद्या उसवल्या, आतला कापूस विकला आणि गाद्यांत कुटार, म्हणजे धान्याचा भुसा, भरले. (त्यानंतर त्यांचे जावई चार दिवसांसाठी म्हणून आले होते, ते एका दिवसात परत गेले.) आपली भगिनी सुभद्रा देवापुढच्या वातीदेखील जुन्या धोतराच्या करते. अशा दिवसांत जो मनुष्य मांडीवर टोपली घेऊन, टकळी फिरवून, नुसत्या हौसेने सूत काततो तो वेडा ठरतो, आणि मी तो ठरलो आहे. पण जानव्याचे सूत स्वतःच्या हाताने कातावे, चार बोटांभोवती शहाण्णव वेढे मोजावे, तिहेरी पीळ द्यावा आणि शेवटी गाठ मारावी, यासारखे सुख मला दुसऱ्या कशात सापडलेले नाही. दिवसभर लोकांच्या भांडणाचे कागद लिहून घरी आल्यावर जी वस्तू सरळ निघते ती एवढीच.

माझा कापूस इनायतुल्ला पिंजारी पिंजून देतो. आपण त्याला पाहिले आहे. कानात रुई अडकलेली असते तो. दोन वर्षांपूर्वी त्याने माझे पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या सुताला तयार केलेल्या गुंडाळ्या, टोपलीत भरून आणून दिले. त्यातला एक पेळू मी उचलला तर तो गरम लागला. मी तो खाली ठेवला तर त्याने डोळे उघडले. इनायतुल्लाच्या घरची मांजरी रुईच्या ढिगात व्यायली होती, आणि बाप म्हणे कोणा काबुली घोडेवाल्याबरोबर आलेला लांब केसांचा बोका होता. मी पिल्लू परत देऊ लागलो तर इनायतुल्ला म्हणाला, "रख लेव पंतजी, एकच असा निघाला जो पिंजा लागत नाई." अशा रीतीने तो घरात आला आणि त्याचे नाव पेळू पडले. नाव ठेवताना पुढे त्याचा कायदेशीर परिणाम काय होईल हा विचार मी केला नाही. बावीस वर्षांच्या अनुभवाला हे शोभत नाही, हे मी कबूल करतो.

(यापुढे या पत्रात 'पेळू' याचा अर्थ मांजर असा धरावा. कापसाचा पेळू म्हणायचा असेल तिथे मी 'कापसाचा पेळू' असे स्पष्ट लिहीन.)

पेळूचा स्वभाव सांगायचा तर तो उंदरांना भितो. धान्याच्या कोठीतून उंदीर निघाला की हा माझ्या उपरण्यात शिरतो. एरवी त्याचा मुक्काम कापसाच्या पेळूंच्या टोपलीत असतो, आणि त्यात कापसाचे किती व तो किती हे हात लावल्याशिवाय कळत नाही. मी कातायला बसलो की तो समोर बसतो, टकळी खाली गेली की मान खाली, वर आली की मान वर. सत्तर-पंचाहत्तर वेढे होईपर्यंत त्याची वागणूक एखाद्या साक्षीदारासारखी निर्दोष असते. ऐंशीच्या सुमारास तो उडी मारतो आणि सूत तोडतो. मग मी त्याला समजावून सांगतो, तो ऐकून घेतो, आणि आम्ही पुन्हा एकापासून सुरू करतो. एका जानव्याला मला आठ-दहा दिवस लागतात ते यामुळे. सुभद्रेचे आणि त्याचे मात्र पहिल्यापासून पटले नाही. तो तिच्या सोवळ्याच्या धाबळीवर बसतो, दुधाची साय ओळखतो, आणि या महिन्यात तिने अंगणातल्या खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांवर तो दुपारभर निजला. उठला तेव्हा निम्म्या शेवया खाटेवर होत्या आणि निम्म्या त्याच्या अंगाला.

शेवयांच्या दुसऱ्याच दिवशी मला रिद्धपूरला जावे लागले. तिथल्या एका मठाच्या वहिवाटीचा कागद करायचा होता, त्यात तीन दिवस गेले. आणि नेमके त्याच तीन दिवसांत आपले पत्र आले. सुभद्रेने ते महादेवरावांकडून वाचून घेतले. आपण लिहिले होते, 'अकोल्यात बोटभर चांगला कापूस राहिला नाही. मुंजीची जानवी करायची आहेत. तरी आपल्याकडचा एखादा मऊ, पांढरा पेळू पुंजारामाच्या गाडीबरोबर अगत्य पाठवावा.' महादेवराव सांगतात की एवढे वाक्य तिने त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतले. मग तिने झाकणाची टोपली आणली, आणि आपली इच्छा अक्षरशः पूर्ण केली.

मी परत आलो तेव्हा कापसाचे पेळू होते तसेच होते आणि पेळू नव्हता. मी विचारले. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दादानं पेळू मागतला, मी पेळू पाठवला. लिहिलेलंच खरं, हे तुमीच सांगता ना सगळ्यायले?"

केशवराव, मी या जिल्ह्यातल्या भल्याभल्या वकिलांना कागदावर अडकवले आहे, पण कागदावर मी स्वतः अडकलो तो पहिल्यांदाच. मी एवढेच म्हटले की मुंजीत मांजराचा काय उपयोग, हा विचार तरी करायचा. त्यावर तिने तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे न पाहता बोलली, "दोन वर्सं झाले, घरी आले की त्याच्याशीच बोलून राहिले तुमी. कचेरीत काय झालं, कोणाचा अर्ज फेटाळला, सारं त्याले ठाऊक. मले फक्त 'वाढ' म्हणता." हे मी आपल्याला का लिहितो आहे ते कळत नाही. भावाला लिहू नये असे हे आहे. पण ते खरे आहे, आणि ऐकल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून माझे सूत तुटत नाही. पाच दिवसांत चार जानवी झाली. एकदाही कोणी उडी मारली नाही, मी सलग शहाण्णव मोजतो, आणि शहाण्णव झाल्यावर पुढे काय करायचे ते सुचत नाही. मला करमत नाही, केशवराव. हे मी कोणत्याही अर्जात लिहिले नसते. आम्ही दोघे संध्याकाळी ओसरीवर बसतो आणि आता बोलतोही. पण बोलणे निघते ते पेळूवरच. तो शेवयांसकट चालत आला तो प्रसंग सुभद्रेने मला काल दुसऱ्यांदा सांगितला, आणि सांगताना ती हसली. दाराशी ती रोज एक वाटी दूध ठेवते. विचारले तर कावळ्यासाठी म्हणते.

काल पुंजाराम गाडी घेऊन परत आला. मी त्याला विचारले, बाबा, तुला तरी संशय यायला हवा होता. तो म्हणाला, "पंत, टोपल्यातलं सामान मुकं असन असं मले वाटलं. ते बदनेऱ्यापासून बोलून राहिलं. मूर्तिजापुरात मीच त्याले दूध पाजलं." त्याच्याकडूनच पुढचा वृत्तांत कळला. आपण सोवळ्यात, शास्त्रीबोवांच्या समोर, कापूस पाहण्यासाठी टोपलीत हात घातलात. त्यानंतर जे झाले त्याबद्दल मी दिलगीर आहे. हाताला हळद लावली असेलच. त्याने मुद्दाम केले नसेल. त्याला अनोळखी हात आवडत नाहीत. पण पुंजारामाने जे पुढे सांगितले त्याने माझी झोप उडाली. आपण पेळूला मुंबईच्या कोणा शेटच्या कापसाच्या वखारीत, उंदरांवर म्हणून, येत्या अमावास्येनंतर देणार आहात असे तो म्हणतो.

तरी विनंती अर्ज ऐसा की, सदरहू मांजर उंदरांना भिते हे वर नमूद केले आहेच. दुसरे, ते पांढरे आहे. वखारीत रुईचे डोंगर आहेत, तीही पांढरी आहे, आणि रुई मऊ दिसली की त्यात शिरून निजायची त्याला जन्मापासूनची सवय आहे. तिथली माणसे सकाळी टोपले भरतात, दाबायच्या पेचाखाली ओततात आणि गाठ, म्हणजे रुईचा गठ्ठा, दाबून बांधतात. टोपल्यातल्या रुईला डोळे आहेत का, हे कोणी बघत नाही. मला डोळ्यांपुढे रोज ती गाठ दिसते. ती गाडीतून, मग आगगाडीतून, मग जहाजातून जाते, आणि विलायतेतला कोणी गिरणीवाला ती उघडतो. केशवराव, कृपा करून त्याला वखारीत देऊ नका.

या पत्रासोबत पुंजाराम चाळीस कापसाचे पेळू घेऊन येत आहे. ते मोजून, हात लावून, सगळे थंड असल्याची खात्री करून भरले आहेत. टोपली रिकामी झाली की तीतच पेळूला बसवून परत पाठवावे. त्याला दूध कोमट लागते. गाडीत त्याच्याशी कोणी बोलत असले म्हणजे तो ओरडत नाही, हे पुंजारामाला सांगितले आहे. मुंजीला आम्ही दोघे येतोच आहोत. लोभ आहेच, तो या प्रकरणाने कमी होऊ नये.

आपला,
वामनराव

ता. क. गेल्या श्रावणीस मी जे जानवे आपल्याला पाठवले होते त्याची आपण फार तारीफ केली होती. इतके मऊ जानवे काशीहूनही आले नाही, असे आपण शास्त्रीबोवांना दाखवून सांगितल्याचे कळले. ते आपल्या गळ्यात अजून असेलच. त्या मऊपणापैकी निम्मा भाग कापसाचा आहे. मी कातीत असता टोपलीत कोण निजत असे ते वर लिहिले आहे. त्या दिवसांत त्याचे केस फार गळत होते, आणि मला ते सूत पिळून झाल्यावर उन्हात धरले तेव्हा दिसले. ही गोष्ट तूर्त आपण, मी आणि पेळू या तिघांतच आहे. पेळू बोलणार नाही. मीही बोलणार नाही, विशेषतः तो घरी परत आला तर.

ता. क. दुसरा. वरील मजकूर धमकी म्हणून वाचू नये. धमकीचा कागद मी वेगळ्या पद्धतीने लिहितो.

(यापुढील अक्षर महादेवरावांचे. पंत आंघोळीला गेले असता सौ. सुभद्राबाईंनी सांगितले तसे लिहून दिले. वरचा मजकूर मी वाचलेला नाही.)

दादा, आशीर्वाद असू दे. हे लिहिलेलं यायले कळू देऊ नको. जानव्याचं वाचून महादेवरावजी हासून राहिले, तिकडं लक्ष देऊ नको. ते केस मले तवाच दिसले होते, पण तू खुश होता म्हनून मी बोलली नाही. तुह्या हाताले बोचकारलं त्याचा राग धरू नको, त्यानं माह्या हातालेबी टोपल्यात बसवताना तसंच केलं, आन् मी त्याले बसवलंच. आता घरात दूध उरते आन् कोनी चोरत नाही. टोपल्यात खाली माह्या लुगड्याचं फडकं अंथरलं हाये, त्यावरच बसव, त्याले वास ओळखू येते. पेळू पाठव, दादा. ह्या खेपेले मी मांजरच म्हनून राहिली.