आजचे किडे: शून्य

१ मार्च
पॉलिटनेल उभा राहिला! मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोऱ्या होत्या तिथे. दोऱ्या तात्पुरत्या काढल्या आहेत. अर्धगोल पाइप, वर दुधी प्लास्टिक. मला त्यात एक छोटं विमान दिसतं. बायकोला आजारी हत्ती दिसतो.
रात्री जेवताना करार झाला. २५ मेला मेव्हणी आणि साडूभाऊ जेवायला येणार आहेत. त्या दिवशी ताटात आपल्या टनेलमधली काकडी असली तर टनेल राहील. नसली तर पाइप भंगारात आणि दोऱ्या परत जागेवर. मी तत्काळ मान्य केलं. बायको म्हणाली, एवढ्या झटकन हो म्हणालात, म्हणजे काहीतरी नक्की चुकतंय.
तोवर ओले कपडे हॉलमध्ये. माझ्या आरामखुर्चीवर माझीच ओली पँट आरामात बसली आहे.

३ मार्च
शेती म्हणजे मुळात पॅकिंगच. औषधांच्या कारखान्यात जन्मभर पॅकिंगची क्लीन रूम सांभाळली. तिथे माझ्या परवानगीशिवाय धुळीचा कणसुद्धा आत आला नाही, तिथे किड्यांची काय बिशाद!
दाराला दोन पडदे लावले. पहिला बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. बाहेर पाटी लावली: हात धुवा. चपला बाहेर. केस झाका. बाहेरचं काहीही आत आणू नये. निळ्या टोप्या आणि पायपिशव्यांचं खोकं घरात होतंच. निरोपसमारंभात सगळ्यांना घड्याळ देतात. मी हे मागून घेतलं होतं.
टोपी घालून बी पेरलं. काकडी आणि लाल भोपळा. बायकोने खिडकीतून विचारलं, पेशंट शुद्धीवर आहे ना?

१४ मार्च
कोंब आले. साडूभाऊंना फोटो पाठवला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.
मत्सर. दुसरं काय.

२ एप्रिल
आजपासून रोज पहाटे पाचला टनेलमध्ये हजर. रोज पाहणी, रोज नोंद.

३ एप्रिल, सकाळी ९
पहाटे झाडांना उठवणं शास्त्रीयदृष्ट्या योग्य नसावं. वेळ बदलली.
आजचे किडे: शून्य.

१२ एप्रिल
घुसखोरी! एक मधमाशी. पडद्यातून आली असणार. बायको चहा घेऊन आली तेव्हा तिने दोन्ही पडदे एकदम उघडले होते. (ती म्हणते, एका हातात कप, एका हातात बशी, पडदा काय दातांनी धरू?)
वर्तमानपत्राची गुंडाळी करून पाठलाग केला. माशी चपळ होती. मीही काही कमी नाही. शेवटी तिला सन्मानाने बाहेर काढलं.
नुकसान: भोपळ्याच्या दोन वेली (माझ्या पायाखाली), चष्म्याची डावी दांडी.
आजचे किडे: शून्य.

२० एप्रिल
फुलंच फुलं! आत पिवळा उजेड पडल्यासारखं वाटतं. काही फुलांच्या मागे करंगळीच्या पेराएवढी काकडीसुद्धा आहे. शेजारच्या हेडबाई भिंतीवरून डोकावल्या. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण अजून शाळेची घंटा होणार असल्यासारख्याच उभ्या राहतात. म्हणाल्या, छान दिसतंय. त्यांच्याकडून छान म्हणजे पैकीच्या पैकी.
बायकोला विचारून ठेवलं, २५ मेला साडूभाऊंना जाताना चार-सहा काकड्या बांधून द्यायच्या की डझनभर? ती म्हणाली, आधी एक दाखवा.

२७ एप्रिल
करंगळ्या पिवळ्या पडून गळल्या. सगळ्या. घाबरण्यासारखं काही नाही. पहिली बॅच ही ट्रायल बॅच असते. दुबळे उमेदवार स्वतःहून राजीनामा देतात, आपल्याला काढावं लागत नाही.
आजचे किडे: शून्य.

२ मे
सासूबाई दोन दिवस राहायला आल्या. टोपी घालायला तयार नव्हत्या. बायको म्हणाली, आई, घाल गं, नाहीतर ते जेवायला येणार नाहीत. घातली. आत स्टुलावर बसून बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.
मग म्हणाल्या, जावईबापू, एवढ्या लग्नाच्या मुली घरात, आणि तुम्ही दाराला दोन-दोन पडदे लावून बसलात. आत एक माशी नाही, भुंगा नाही. फळ कुठून धरणार?
मी त्यांना आधुनिक पद्धत समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, सांगा, सांगा, तुमची पद्धत आधुनिक होईतो पोरी म्हाताऱ्या होतील.
बायको एवढी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं.

३ मे
बियाण्याचं पाकीट सहज उलटून पाहिलं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय: फुलोऱ्यात मधमाश्यांची ये-जा असू द्यावी. इतकी फिकी छपाई! असं पाकीट मी लाइनवरून थेट रिजेक्ट केलं असतं. चूक कोणाची ते उघड आहे.
तरी माश्या आत घेणार नाही. माशीचं काम माणूस करू शकतो. नर फुलातले पराग ब्रशने मादी फुलात नेऊन ठेवायचे. बस्स. उद्यापासून मी.

४ मे
ब्रश लावला. प्रत्येक फुलाला. माशीच्या तुलनेत माझं काम कितीतरी स्वच्छ आहे. दर फुलाआधी ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून घेतला. नियम म्हणजे नियम.

५ मे
ब्रश लागलेली सर्व फुलं तपकिरी.
बायकोला सांगितलं, ऊन फार आहे. तिने स्पिरिटची रिकामी बाटली उचलून वास घेतला आणि माझ्या चष्म्याशेजारी आणून ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१० मे
काकडीची एक वेल फरार. भिंतीकडच्या जोडाला फट पडली होती, तिथून अंग बाहेर काढून थेट हेडबाईंच्या भिंतीवर चढली आहे. मूळ आत, वेल बाहेर. ओढून बघितली, येईना. फटीला वेलीभोवती घट्ट टेप लावला. गेली ती गेली. बाहेरचं काहीही आत आणू नये, हे पाटीवर स्वच्छ लिहिलेलं आहे.
राहिलेल्यांनी शिस्त पाळली.
आजचे किडे: शून्य. आजच्या काकड्या: उद्या मोजू.

१८ मे
बायको म्हणाली, आठवडा राहिला. मी म्हणालो, काकडी शेवटच्या आठवड्यात झपाट्याने वाढते. ती म्हणाली, असेल तर वाढेल ना!
बाजारातून आणण्याचा विचार मनात आलाही नव्हता. तरी ती म्हणाली, भाजीवालीला सांगून ठेवलंय, ह्यांना काकडी द्यायची नाही.

२४ मे
हेडबाई पिशवी घेऊन आल्या. पिशवीत पाच काकड्या. हिरव्यागार, टणक. म्हणाल्या, तुमची वेल आमच्या भिंतीवर अभ्यासाला येते, तिचा निकाल लागला.
मी एक निरखून पाहिली. आकार वाकडा. सालीवर ओरखडा. अशा फुलात किती माश्या येऊन गेल्या असतील, विचार करवत नाही.
बायकोने पाचही काकड्या पदराखाली घेतल्यासारख्या आत नेल्या. जाताना माझा खांदा थोपटला. का ते कळलं नाही.

२५ मे, रात्री
पाहुणे आले. बायकोने काकडीच्या चकत्या मधोमध ठेवल्या आणि जाहीर केलं, ही ह्यांच्या टनेलची. साडूभाऊंनी एक खाल्ली. मग चार. मग ताटलीच जवळ ओढली. म्हणाले, भावजी, मानलं तुम्हाला, बाजारात मिळत नाही हो अशी. त्यांच्या लग्नापासून त्यांनी मला मानल्याची ही पहिलीच वेळ.
पण तत्त्व म्हणून काही असतं. मी स्पष्ट केलं की हा माल टनेलमधला धरता येणार नाही. फळधारणा बाहेर झाली आहे, अनियंत्रित वातावरणात. टनेलच्या आतलं उत्पादन अजून सुरू व्हायचं आहे. मग क्लीन रूमची सगळी पद्धत सांगितली. साडूभाऊ चकती हातात धरून ऐकत होते.
मेव्हणी म्हणाली, ताई, हे असेच आहेत का गं पहिल्यापासून?
बायकोने माझ्याकडे बघितलं. पास झालेल्या पोराने गुणपत्रिका स्वतःच फाडावी आणि आईने बघत राहावं, तसं.
करार करार आहे. मीच म्हणालो, टनेल उतरवू.

२६ मे
पाइप काढणारा परवा येणार. बायकोने धुतलेल्या चादरी टनेलमध्ये नेऊन पाइपांवर टाकल्या. म्हणाली, जाता जाता तरी उपयोग होऊ दे. चहा पिऊन होतोय तोवर चादरी कडकडीत वाळल्या. धूळ नाही, पक्ष्यांची घाण नाही, एक किडा नाही. तिने चादर नाकाला लावली, आणि मग उरलेल्या कपड्यांची बादलीही आत आणली.

२८ मे
बायकोने पाइप काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, टनेल राहणार. मला भरून आलं. शेवटी माझ्या पद्धतीचं महत्त्व तिला पटलं.
दुपारी वेली उपटल्या. पाइपांना दोऱ्या बांधल्या. फरारी वेलीचं मूळ तेवढं ठेवलं, हेडबाईंच्या सांगण्यावरून.

३१ मे
पाटी बदलली आहे. माझ्याच पाटीवर बायकोने खडूने वाढवलंय: मातीच्या हातांनी आत येऊ नये. आज कुंडी भरून आत जात होतो, तर दोन पडद्यांच्या मधे अडवलं. विचारलं, पहिला बंद केलात का? केला होता. तरी परत पाठवलं.
बाहेर भिंतीपाशी खुर्ची टाकून बसलो. आरामखुर्ची. आता कोरडी असते.
आजचे उत्पादन: दोन बादल्या कपडे. प्रत उत्तम.
आजचे किडे, आत: शून्य.
बाहेर, भिंतीवरच्या फुलात: एक. मधमाशी. बराच वेळ आत तोंड घालून बसली होती.
हाकलली नाही. ती भिंत हेडबाईंच्या हद्दीत येते.