ठमाबाईच्या पाटीतलं ऊन

३ नोव्हें., सोम.
स्कॅनरच्या सतरा बॅटऱ्या आल्या, चौदा बऱ्या केल्या. तीन मेल्या त्या मेल्याच. दापोड्याच्या या वेअरहाउसात माणूस आजारी पडला तर कोणी वळून बघत नाही. स्कॅनर पडला की सगळे धावतात, आणि धावत माझ्याकडे येतात. असो. फुशारकी पुरे.

जेवणाच्या सुट्टीत ठमाबाई टेबलाशी येऊन उभी राहिली. सफाईला आहे, दिघाशीच्या पुढच्या डोंगरपाड्यावरून येते. सगळे तिला मावशी म्हणतात. कधी कामापलीकडे बोलत नाही. आज बोलली.

तिच्या पाड्याच्या वनजमिनीची मोजणी आहे, हक्काच्या अर्जासाठी. अठरा घरांच्या पट्ट्या. फोनमध्ये मोजणी चालू करायची आणि शिवेवरून चालायचं, मागे रेघ उमटत जाते. निघालो त्या दगडाशी परत टेकलं की पट्टी कागदावर. तीन दिवस वर माळावरच मुक्काम, तिथे वीज नाही. गेल्या वर्षी पॉवर बँक नेली होती. ती संपली, मग फोन गेला, आणि रेघ ओहळापाशीच तुटली. सतरा घरं झाली. राहिलेली एक पट्टी हिची. सगळ्यात उंचावर, म्हणून सगळ्यात शेवटी.

"सासूनं वरी पेरली, मी पेरते. पन कागदाव मी न्हाय. म्याडम, तुमी मेलेल्या बॅटऱ्या उठवता. आमचा फोन तीन दिस जगवा."

यंदाची मोजणी २१ ते २३. अर्ज एकत्र जायचे म्हणून अठराही पट्ट्या पुन्हा. मी हो म्हणून बसले. विचार नंतर केला.

६ नोव्हें., गुरु.
ड्युटी सुटल्यावर धामणकर नाका. इरफानभाईच्या दुकानात सोलर पॅनल बघितली. दहा वॅटचं एक घेतलं, वहीपेक्षा थोडं मोठं, काच नसलेलं, हलकं. म्हणाला, "मॅडम, माल असली है। बाकी सूरज की गारंटी मैं नहीं देता।"

सरळ पॅनलला फोन जोडून भागणार नाही. झाडाची सावली पडली की चार्जिंग तुटणार. मध्ये एक सेल हवा. उन्हात साठवेल, सावलीत देईल. चपटा लिथियम सेल घेतला. डोकं जोरात चाललंय.

९ नोव्हें., रवि.
गच्चीवर जुळवलं. पॅनल, त्याच्या पाठीला डबल टेपने सेल आणि छोटी चार्जिंग प्लेट, सगळं एकजीव. वर दोन पट्टे, दप्तरासारखं पाठीवर टाकायचं. जोडलं आणि फोनवर विजेची खूण आली!! गच्चीत एकटीच नाचले.

आई विहारातून आली, बघत राहिली. "मुलं बघायला वेळ नाही म्हणतेस, आणि इथे पापड वाळत घातल्यासारखी उन्हात बसलीस."
म्हटलं, हा पापड भाजतो तेव्हा फोन भरतो.
"मग जावयाचंही असंच काहीतरी जुळव."

११ नोव्हें., मंगळ.
ठ.ला दिलं. कसं वापरायचं ते अर्धा तास समजावलं. ती मान हलवत राहिली, मध्येमध्ये पॅनलच्या पाठीला हात लावून बघत होती. उद्या तिची सुट्टी, भात झोडायला शेतावर जाणार आहे, तिथे लावून बघेल.

१३ नोव्हें., गुरु.
परत आणलं. फोन भरला नाही. कसा भरेल! बाईने पॅनलवर सागाची पानं झाकली होती. दिवसभर!
"लय तापला व्हता. हात पोळंल असा."
मी ओरडले. सगळ्यांसमोर. "मावशी, ऊन हेच त्याचं जेवण आहे! तू त्याला उपाशी ठेवलंस!" पॅकिंगवाली पोरं हसली. ठ. हसली नाही. झाडू उचलून निघून गेली.
गाढवापुढे वाचली गीता, असं तेव्हा मनात म्हटलं. लिहून ठेवते, कारण मनात आलं हे खरं आहे.

१६ नोव्हें., रवि.
आज स्वतः लावलं. गच्चीवर, झाकण नाही, पान नाही, सकाळपासून. दुपारी बघायला गेले तर पॅनल मधोमध वर उचललेलं. पाठीमागचा सेल टम्म फुगलेला, हात लावला तर पोळला. चिमट्याने सोडवून वाळूच्या बादलीत टाकला. ठ.च्या पाठीवर हे झालं असतं तर

तिने हात लावून बघितलं होतं. मला सांगितलंही होतं, "लय तापला." मी पानं पाहिली, हात नाही पाहिला. लिथियम सेल उन्हात ठेवू नये, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात. माझं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये आहे. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या तळव्याला कळलं, मला कळायला सेल फुगावा लागला.

गाढव कोण ते ठरलं.

१७ नोव्हें., सोम.
ठ.ची माफी मागितली. पॅकिंगच्या टेबलाशी, त्याच पोरांसमोर. फुगलेल्या सेलचा फोटो दाखवला. ठ.नी तो निरखून बघितला आणि म्हणाल्या, "पोट फुगला याचा. सांगलंवता मी."
मग फारच साधं बोलल्या. "ऊन खाईल त्यानं वर ऱ्हावा. साठवंल त्यानं खाली ऱ्हावा, सावलीला. बियाना आमी उन्हात ठेवतो काय? पानांत गुंडालून ठेवतो."
इतकं साधं मला सुचलं नव्हतं. आठ दिवस डोकं जोरात चालल्याचा हा परिणाम.

(वरची पानं चाळली. सगळीकडे आली, गेली, म्हणाली. आजपासून आल्या, गेल्या, म्हणाल्या. त्यांना कळणार नाही, मला कळेल.)

नवीन सेल घेतला, डब्यात बसवला. लांब वायर लावून डबा पॅनलपासून वेगळा केला.

१९ नोव्हें., बुध.
पाठीवरचे पट्टेही बाद. ठ.नीच काढायला लावले. उन्हाकडे तोंड करून चाललं की पाठीवर स्वतःचीच सावली पडते, हे मला गच्चीवर बसून कसं कळणार? वेअरहाउसच्या मागच्या आवारात त्यांनी डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, तिच्यावर पाटी. पाटीच्या काठांवर पॅनल आडवं बांधलं, आभाळाकडे तोंड. खाली पाटीत सागाच्या पानांत सेलचा डबा, मध्ये वारा खेळायला जागा. वायर कानाशेजारून खाली, फोन हातात.

चालून दाखवलं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मौसी, टीवी का छत्री लगाया क्या?" त्यांनी मान न हलवता उत्तर दिलं, "हां, तेरा ही चॅनल पकडती हूं।"

मान खरंच हलत नाही. खड्डा आला, पायरी आली, पॅनल पाण्यासारखं सपाट. असला स्टँड कुठल्या दुकानात मिळणार नाही. तासभर चालल्या. मग डब्याला हात लावला. कोमट. त्यांनीही लावला. आमचं एकमत झालं.

२१ नोव्हें., शुक्र.
आज मोजणीचा पहिला दिवस. मला सुट्टी नाही. आभाळ दिवसभर स्वच्छ, तरी दहा वेळा बाहेर जाऊन वर बघून आले. सुपरवायझर म्हणाला, विमान यायचंय का.

२३ नोव्हें., रवि.
गेले. पहाटेच्या एसटीने दिघाशी, ठ. माळावरून घ्यायला खाली आल्या होत्या, पुढे पायी. दम लागला तेव्हा ठ. दोनदा थांबल्या, माझ्यासाठी.

सतरा पट्ट्या कालपर्यंत झाल्या होत्या. प्रत्येक घराबरोबर पाटी घेऊन ठ. चालल्या होत्या, दोन दिवस, दुसऱ्यांच्या शिवा. आज त्यांची स्वतःची. निघताना फोन अर्ध्याच्या वर. एका दगडावर पाय ठेवून त्यांनी मोजणी चालू केली.

कागद नाही, खुणा नाहीत. आसाणाचं झाड, मग मोडकी ताल, म्हणजे दगडी बांध, मग एक जागा जिथे मला काहीच दिसेना. "इथं वारूळ व्हता," म्हणाल्या आणि वळल्या. पायाने गवत बाजूला केलं तर माती खरंच वेगळी, लाल, बारीक. मला हेवा वाटला. मी राहते त्या चाळीत शेजारचं दार कोणाचं ते धड ठाऊक नाही.

ओहळापाशी दाट झाडी. सावली पडली आणि फोनवरची विजेची खूण गेली. ठ. थांबल्या.
"गेल्या साली इथंच मेला."
मी फोन बघितला. चार सेकंद गेले असतील. मग पानांतल्या सेलने घेतलं, खूण परत आली. मी मान डोलावली. त्यांनी फोनकडे बघितलंही नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओहळ ओलांडला.

पुढचं मी नीट चाललेच नाही, त्यांच्या टाचांकडे बघत राहिले. भेगाळलेल्या, आणि एकही पाऊल शंकेचं नाही. बाकीच्या घरांची माणसं वर दगडाशी येऊन बसली होती. ठ.नी त्याच दगडावर तोच पाय ठेवला. पडद्यावर रेघेचं टोक रेघेला मिळालं. वेडंवाकडं, कडा फाटलेल्या भाकरीसारखं, पण बंद.
"झाला काय?"
"झालं, मावशी."
पाटी उतरवली. चुंबळ काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत होत्या. मलाही रडू आलं, लपवलं नाही.

मग नाचणीची भाकरी आणि चटणी. मला पहिल्यांदा म्हणाल्या, "खा, बाय." म्याडम गेली, बरं झालं.

२ डिसें., मंगळ.
अठराच्या अठरा नकाशे अर्जांबरोबर दिले. निकाल कधी, कोणी सांगत नाही. मिळेलच असंही नाही, मोजली म्हणजे मिळाली असं नसतं. हे मी ठ.ना सांगणार होते, त्या मला सांगून मोकळ्या झाल्या.

जेवणाच्या सुट्टीत पाटीसकट चार्जर टेबलावर आणून ठेवला. पुसूनबिसून, सेल नव्या पानांत. "तुझी वस्तू, बाय."
म्हटलं, माझी कशी, अर्धी अक्कल तुमची. ठेवा तुमच्याकडे.
त्यांनी पाटी उचलून काखेला लावली.
"ठेवते. पट्टी मिळली का वर खोप बांधीन, याच्याव दिवा लावीन. न्हाय मिळली तं परत मोजाला लागंल. तवा पन ह्योच लागंल."
आणि झाडू घेऊन कामाला गेल्या.