घरटी एक माणूस

आबा, आपल्या गावात वानरं आली होती ती गोष्ट मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलेय. तुम्हाला ती सांगायची कधी वेळच आली नाही, कारण तुम्ही तिच्यात होतात. आज तुम्हालाच सांगायला बसलेय. माय जाण्याआधी तिनं या गोष्टीत थोडी भर घातली, आणि ती भर कुठं बसवायची ते मला अजून कळलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. मी आठवीत होते, पण शाळा नावालाच. मायबरोबर मीही रस्त्याच्या कामावर खडीच्या टोपल्या वाहायची. दुपारी कामावर सुकडीचं कोरडं पीठ खायला मिळायचं आणि घरी रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, मिलोची लाल भाकरी. डोंगरातलं पाणी आटलं तशी वानरं खाली उतरली. डोंगराकडून येताना पहिली घरं आपल्या वस्तीची, म्हणून ती आधी आपल्याकडंच आली. पण आपल्या पत्र्यांखाली त्यांना काय मिळणार होतं? थोडे दिवस त्यांनी पत्र्यांवर धडाधड उड्या मारल्या, वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड खाली लोटले, आणि मग ती गावात सरकली.

गावानं सुरुवातीला त्यांचं कौतुकच केलं. मारुती आपणहून दारात आला, असं बायका म्हणायच्या. ज्यांच्या घरात काही शिल्लक होतं ते शनिवारी पारावर शेंगदाणे ठेवायचे. महिनाभरात वानरांना शनिवारची वाट बघायची गरज उरली नाही. माळवदाच्या छताला उजेडासाठी साणं ठेवलेलं असतं, त्या भोकातून ती सरळ स्वयंपाकघरात उतरायला लागली. टोपल्यातल्या भाकरी न्यायची, कणगीचं शेणानं लिंपलेलं तोंड उकरायची, दुधाची चरवी लवंडायची. बायका चुलीपुढं काठी घेऊन बसायच्या, पण काठी उगारायची, मारायची नाही. कळपातला थोरला हुप्प्या तर काठीला हलायचाही नाही. दात दाखवायचा आणि बसून राहायचा.

वेशीजवळच्या एका घरात सून बाळंत झाली होती. तिचा नवरा पलटणीत, घरात ती आणि तिची विधवा सासू. एका सकाळी हुप्प्या साण्यातून थेट बाळंतिणीच्या खोलीत उतरला. तिनं एका हातानं बाळाला पोटाशी धरलं आणि दुसरा हात पुढं केला, त्याला तो कडकडून चावला. बाळाला काही झालं नाही. तिचा हात कोपरापर्यंत सुजला आणि तिला बैलगाडीत घालून भूमच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्या दिवसानंतर वानरं गावात नकोत यावर गावाचं एकमत झालं. ती घालवायची कुणी, यावर मात्र होईना.

मग ते आपल्याकडं आले. सरपंच आणि त्यांच्याबरोबर गावातले एक म्हातारे शेतकरी. आपण कामावरून नुकतेच परतलो होतो, तुमच्या अंगावर अजून खडीची धूळ होती. तुम्ही बाज अंगणात ओढली. ते बाजेच्या अगदी कडेला बसले. मायनं चहाचं विचारलं तर आत्ताच घेतला म्हणाले. एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली. सरपंच त्या दिवशी तुम्हाला ‘तुमी’ म्हणत होते. त्याआधी त्यांच्या तोंडून तुमच्यासाठी ‘अरे’शिवाय काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

बोलायला त्यांनी वेळ घेतला. पाण्याचं झालं, रस्त्याच्या कामाचं झालं, मग सरपंच म्हणाले, “तुमी देवधर्म सोडला. मारुती तुमी मानत न्हाय. मंग तुमास्नी ह्याचं पाप न्हाय लागायचं. पिंजरा आमी देतो. वानरं तेवढी तुमी धरा, आन कुठं बी नेऊन सोडा. वस्तीवर जवारी पोचती करू.”

ते हे वाईट मनानं बोलत नव्हते. त्यांना ती सोय वाटत होती, दोन्हीकडची. तुम्ही दाराशी उकिडवे बसला होता. मग खाली बघतच म्हणालात, “मेलं ढोर उचलायला आमाला बोलवायचे. ते आमी सोडलं. आता जित्या वानरासाठी आलात.”

म्हातारे शेतकरी उठायला लागले. तुम्ही हातानंच त्यांना बसा म्हणालात आणि पुढं बोललात, “पाप असंल तर समद्यांचं आसू द्या. घरटी एक माणूस येऊ द्या. पिंजऱ्याच्या दोरीला समद्यांचा हात लागला, तर मी बी लावतो.”

ते गेले. माय चुलीपाशी गेली आणि भाकरी थापता थापता तुम्हाला बोलत राहिली. ज्वारी दारात चालत आली होती, पोरगी मिलो खाऊन पोट धरून बसते, तुम्हाला मान मोठा की पोट मोठं, असं बरंच काही. तुम्ही उठून तिच्याजवळ जाऊन बसलात आणि हळू आवाजात काही सांगितलंत. काय ते मला ऐकू आलं नाही. माय मात्र एकदम गप्प झाली. तुमची बाजू तिला पटली असणार, असं मी धरून चालले.

त्यानंतर गावानं आपल्या परीनं करून पाहिलं. सुतळी बॉम्ब लावले, तर वानरं एका आळीतून दुसऱ्या आळीत गेली. कुणी गोफण काढली, तर त्याच्या घरच्यांनीच ती हातातून ओढून घेतली. बाजारातून एक पिंजरेवाला आणला होता, तो गावाला न झेपणारा आकडा सांगून निघून गेला. आणि एक दिवस ती वेशीजवळची सासू आपल्या अंगणात आली. डोक्यावरचा पदर धरून उभी राहिली. माय तिला बस म्हणाली, ती बसली नाही. तिला तुमच्याशीच बोलायचं होतं.

“माझ्या घरला गडी न्हाय. पोरगा पलटणीत हाय. मी आले तर चालंल का?”

तुम्ही म्हणालात, “चालंल.”

ती गावात परत जाऊन कुणाला काय बोलली ते मला माहीत नाही. पण एक बाई दोरी धरायला जाते म्हटल्यावर गड्यांना घरात बसणं अवघड झालं असणार. सुतारानं जुन्या बैलगाडीच्या साटीच्या सांगाड्याला लाकडं आणि जाड तार ठोकून पिंजरा केला. खळ्यात तो ठेवला. आत हरभरे आणि गुळाचे खडे. वर उचलून धरलेल्या दाराला दोरी बांधलेली, आणि ती दोरी खळ्याच्या भिंतीमागं नेलेली. भिंतीमागं माणसं एकामागं एक बसली आहेत, प्रत्येकाचा हात दोरीवर. सरपंच आहेत, सुतार आहे, ती सासू आहे, आपल्या वस्तीतलेही घरटी एक जण आहेत. तुम्ही सगळ्यात शेवटी आहात. मी कडब्याच्या गंजीआडून बघतेय. मला वाटतं, हे सगळं तुम्ही घडवलंत आणि तरी शेवटी बसलात, हा तुमचा मोठेपणा.

हुप्प्या पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पिंजऱ्याभोवती हिंडला, आत हात घालून हरभरे काढून खाल्ले आणि गेला. तिसऱ्या खेपेला तो पूर्ण आत शिरला. दोरी सुटली आणि दार पडलं. नंतरचा आवाज मी कधी विसरले नाही. पिंजरा जागचा हलत होता आणि बाकीची वानरं भिंतींवर, लिंबाच्या झाडावर बसून किंचाळत होती. खळ्यातली माणसं तिथल्या तिथं खिळली. मग ती सासू पुढं आली आणि तिनं पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकलं. तेव्हा कुठं आवाज कमी झाला.

डोंगरापलीकडं दरीत एक झरा अजून वाहत होता. गाडीत पिंजरा चढवून सगळे तिकडं निघाले. भाकरीचं फडकं देऊन मायनं मलाही पाठवलं. तुम्ही गाडीच्या बरेच मागून चालत होतात. दरीत पोचल्यावर पिंजरा खाली उतरवला, पण दार उघडायला कुणी पुढं होईना. सुतार म्हणाला, त्यानं पिंजरा केला, तेवढं पुरे. सरपंच तुमच्याकडं बघायला लागले, मग सगळेच बघायला लागले. तुम्ही पुढं गेलात. दाराची खुंटी काढायला तुम्हाला वेळ लागला. ती दोनदा हातातून निसटली. तुम्ही दमला असाल असं मला वाटलं, उपाशीपोटी एवढं चालून आला होता. दार वर झालं तरी हुप्प्या आतच बसून राहिला. तो तुमच्याकडं बघत होता आणि तुम्ही दार धरून तिथंच उभे होतात, हलत नव्हतात. मग तो एकदम तुमच्या बाजूनं झेप घेऊन निघून गेला. तुम्ही खाली बसलात. कुणीतरी तुम्हाला पाणी दिलं. ते गावातल्या एकाच्या तांब्यातलं होतं आणि त्यानं तांब्या वरून धरून ओंजळीत पाणी ओतलं. हेही मी पाहिलंय, आणि गोष्ट सांगताना हे गाळत नाही.

नंतर आणखी खेपा झाल्या. त्यांत तुम्ही एकटे कधी गेला नाहीत, दर वेळी घरटी माणूस होताच. तोवर गावानं साण्यांवर जाळ्या बसवल्या, माळवदांच्या कडेला बाभळीच्या काट्या रचल्या, पारावर शेंगदाणे ठेवणं बंद केलं. उरलेली वानरं थोडे दिवस पिंपळावर बसून होती, मग तीही गेली. पुढच्या वर्षी पाऊसपाणी झाल्यावर एखादं दिसायचं, पण घरात उतरायला वाट नव्हती. बाकी गावात काही बदललं म्हणावं तर तसं नाही. चहाच्या टपरीवर आपले कप वेगळेच राहिले. सरपंच तुम्हाला पुन्हा ‘अरे’ म्हणायला लागले. ती सासू मात्र नव्या ज्वारीच्या वेळी सूप भरून वानवळा घेऊन आली, सोयऱ्याधायऱ्यांना देतात तसा. मायनं सूप रिकामं परत दिलं नाही, त्यात चिंचा घातल्या. तिनं त्या नेल्या. घरी जाऊन खाल्ल्या की टाकल्या, ते मला माहीत नाही.

पुढं तुम्ही ढोकीच्या साखर कारखान्यावर हंगामी कामाला लागलात, मी शिकले, मला मास्तरकी मिळाली, आणि मग तुम्ही गेलात. एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमाला मला बोलायला बोलवायचे. एके वर्षी बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून मी ही गोष्ट सांगितली. तुमचं वाक्य सांगितलं, पाप असंल तर समद्यांचं आसू द्या. लोक इतका वेळ टाळ्या वाजवत राहिले की मला थांबावं लागलं. तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, बाई, ती वानरांची गोष्ट सांगा.

माय शेवटी शेवटी माझ्याकडं होती. एकदा मी कार्यक्रमाहून आले, तिनं विचारलं, आज काय सांगितलंस. मी सांगितलं. ती हसायला लागली. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

“तुजा बाप वानराला लई भेत हुता,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तुम्ही लहानपणी ढोरं राखायला डोंगरात गेला होता तेव्हा एका वानरानं तुमच्या पोटरीचा लचका तोडला होता. ती खूण आम्हाला तुम्ही कुत्र्याची म्हणून सांगितली होती. त्या दिवशी चुलीपाशी बसून तुम्ही तिला हेच सांगत होतात, की मला एकट्याला हे जमायचं नाही, चार माणसं बरोबर असल्याशिवाय मी त्या पिंजऱ्याजवळ जाणार नाही. म्हणून ती गप्प झाली होती.

मी तिला विचारलं, मग आबा घरटी एक माणूस म्हणाले ते भ्याले म्हणून, की ढोराचं म्हणाले ते मनात होतं म्हणून? तिला माझा प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, “तोंडातनं निघालं ते निघालं. चांगलंच निघालं की.” आणि कूस बदलून झोपली.

तेव्हापासून मी तुम्हाला भ्यालेलं बघायचा प्रयत्न करते. दोरीच्या शेवटी, गाडीच्या मागं, दार धरून उभे असलेले. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. लहानपणी पोटरीला चावलं त्याच जातीचं जनावर हातभर अंतरावर बसलंय आणि तुम्ही त्याला दार उघडून देताय, असं मी स्वतःला सांगते. तरी मला तुम्ही दमलेलेच दिसता.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, आणि वाचून दाखवायला माय नाही. या वर्षी पुन्हा बोलवणं आलं होतं. जाताना मनाशी ठरवलं होतं की या वेळी सगळं सांगायचं. गोष्टीत पिंजऱ्याच्या दारापर्यंत आले आणि थांबले. लोकांना वाटलं, मला भरून आलं. मग मी तुमचं वाक्य म्हटलं, टाळ्या झाल्या, मी खाली बसले. तुम्ही भ्याला होता हे कळलं तर लोक हसतील. माय हसली ते चाललं, ती तुमची होती. बाकीच्यांना मी हसू देणार नाही. म्हणून आबा, पुढच्या वर्षीही मी ती गोष्ट आधीसारखीच सांगेन.