दोष तारांचा

३ मार्च, सकाळ
कार्यक्रमाला हॉल मिळाला. शनिवार, १८ एप्रिल. बातमी पक्की आहे, खांबाने स्वतः फोन करून सांगितली. खांब म्हणजे आमचा ड्रमर. सहा फूट उंची, चेहऱ्यावर शून्य हालचाल. हे नाव मीच ठेवलं. या बँडमध्ये जे काही बरं आहे ते मीच ठेवलेलं आहे.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मागच्या वेळचं रेकॉर्डिंग पाठवलंय. त्यातला बास नीट ऐक. मग बोलू."

ऐकलं. बास गिटार मी वाजवतो, त्यामुळे बास उत्तम आहे. फक्त बोटं तारेवरून सरकतात तेव्हा खरखर येते, भिंतीवरून कुणी फणी फिरवावी तशी. म्हणजे दोष सापडला. तारा.

७ मार्च
तालीम. तालीम कसली, चौकशी समिती.

खांब म्हणाला, "तू पळतोस." गाणारी डॉक्टरीणबाई म्हणाली, "मी श्वास घ्यायला थांबते, तेवढ्यात तू पुढच्या ओळीत जाऊन बसलेला असतोस." बाई दातांची डॉक्टर आहे. दात काढताना आधी सुई तरी देते. मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, कीबोर्ड वाजवतो. तो कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर डाव्या हाताने बास वाजवत बसला. म्हणे, सहज.

मी शांतपणे शास्त्र समजावलं. आपल्या नेहमीच्या तारेवर बारीक गोल तारेचा वेढा असतो. म्हणून ती खरखरते. खरखर कानाला आधी पोचते, त्यामुळे सूर लवकर आल्यासारखा वाटतो. फ्लॅटवाउंड तारेला चपट्या पट्टीचा वेढा. गुळगुळीत. आवाज गोल, जाड आणि वेळेवर. सगळे गप्प झाले. पटलं असणार.

निघताना खांब म्हणाला, "हे बघ, मेट्रोनोम लाव आणि त्याच्या ठोक्याबरोबर रोज तासभर बस. महिनाअखेरपर्यंत जमलं तर उत्तम. नाहीतर अठराला बास कीबोर्डवरून घेऊ." म्हणजे माझी जागा मेव्हण्याच्या डाव्या हाताला! ज्या बँडची पहिली तालीम माझ्या घरात, माझ्या खुर्च्यांवर झाली, त्या बँडमध्ये. त्यातली एक खुर्ची खांबाने मोडली, त्याचा विषय अजून मी काढलेला नाही. बोलून दाखवत नाही, एवढंच.

संकल्प: (१) फ्लॅटवाउंड तारा. (२) रोज एक तास मेट्रोनोम. याच क्रमाने. चुकीच्या तारांवर सराव केला तर चुकाच पक्क्या होतात.

९ मार्च, ऑफिस
विम्याच्या क्लेमचा ढीग. एकाने लिहिलंय, "मी माझ्या वेगाने सरळ चाललो होतो. खांब आडवा आला." नामंजूर.

इतकी वर्षं हेच वाचतोय. ब्रेक लागले नाहीत, ऊन डोळ्यांवर आलं, झाड मध्ये होतं. अॅक्सिलरेटरवर पाय कुणाचा होता ते एकही जण लिहीत नाही. माणसाला स्वतःचं काही दिसतच नाही. कमाल आहे.

दुपारनंतर तारांचा अभ्यास. मी पळत नाही, खांब मागे राहतो, हेही एकदा शांतपणे सांगायला हवं.

१३ मार्च
अभ्यास खोल जात चाललाय. स्टील की निकेल? ताण जास्त की कमी? वरून काळी नायलॉनची पट्टी असलेली की नसलेली? इंटरनेटवर एकजण म्हणतो, आवाज लोण्यासारखा. दुसरा म्हणतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा. दोघं एकाच तारेबद्दल बोलतायत. तिसऱ्याने दोघांची अक्कल काढलीय. तिसरा मला पटला.

ही म्हणाली, "मला लग्नाचं विचारलंस तेव्हा समोरचा चहाही गार झाला नव्हता. आणि तारेला आठवडा?"

म्हटलं, अगं, ही तार पंधरा वर्षं टिकते. विचार करून घ्यावी लागते.

उठून आत गेली. मी काय वावगं बोललो ते कळलं नाही.

मेट्रोनोम: कपाटातून काढला. पुसला.

१४ मार्च
दुकान. दुकानदार गल्ल्यावर बसून मोबाइल बघत होता. मी फ्लॅटवाउंड म्हटल्यावर त्याने मान वर केली. एवढा मान मला बँडमध्येही कुणी देत नाही.

त्याने विचारलं, "स्केल कुठलं?" म्हटलं, सगळी वाजवतो. मेजर, मायनर, सांगाल ते. तो म्हणाला, "तसं नाही हो. बासची लांबी. लाँग स्केल की शॉर्ट?" प्रश्न नीट विचारत नाहीत ही माणसं. म्हटलं, लाँग. माझा बास जरा आटोपशीर आहे खरा, पण वाजवतो मी मोठाच.

"घरी मोजून या," म्हणाला, "पाकीट फोडलं की परत घेत नाही." म्हटलं, नुकसानभरपाईचं काम करतो मी, मोजमाप मला शिकवू नका. त्याने निमूटपणे पाकीट पुढे केलं आणि पुन्हा मोबाइल बघू लागला. माझ्यापुढे वाद चालत नाही.

स्टीलच्या घेतल्या. जास्त ताणाच्या. खांबाला ताण म्हणजे काय ते कळू दे.

१५ मार्च, दुपार
तारा चढवल्या. दिसायला देखण्या, आरशासारख्या. जरा लांब निघाल्या, जाड भाग थेट खुंटीपर्यंत येतोय. कंपन्यांना मापाचं भान राहिलेलं नाही. जास्तीचा भाग कातरून टाकला.

कातरल्यावर पाकिटातला कागद सापडला. त्यात लिहिलंय, कापण्याआधी तार काटकोनात वाकवा, नाहीतर वेढा उसवतो. बारीक अक्षरात. दिवसभर बारीक अक्षरंच वाचतो मी. घरी कोण वाचणार?

सगळ्यात जाड तार वाजवली. आवाज आला: ठप्. पुन्हा वाजवली. ठप्. पुढे काही नाही. हाच तो जुना, उबदार, जाणकारांचा आवाज. हिने आतून विचारलं, "काय पडलं?"

१७ मार्च
मेट्रोनोम सुरू केला. माझ्या मागे पडतोय. बॅटरी उतरलेली असणार.

१८ मार्च
नवी बॅटरी. तरी मागेच. यंत्रच खराब. सराव तात्पुरता थांबवला. चुकीच्या यंत्राबरोबर सराव म्हणजे पुन्हा तेच.

२१ मार्च
तालीम. नव्या तारा ऐकवल्या. डॉक्टरीणबाईने मध्येच गाणं थांबवून विचारलं, "दार वाजतंय का?" मेव्हणा खरंच बघून आला. खांब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हालचाल झाली. पहिल्यांदाच.

पाणी प्यायला गेलो. परत आलो तर तिघं कुजबुजत होते. मी आलो तसे थांबले. एखादी गोष्ट मनापासून आवडली की माणसं अशी संकोचतात.

मग मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तुमचा अॅम्प्लिफायर आजपासून नको. वायर थेट माझ्या साउंड मिक्सरमध्ये लावा. हेडफोनवर ऐका. बाकी मी बघतो." पोरगा सुधारतोय. मागे त्याच्या डाव्या हाताबद्दल जे लिहिलंय ते जरा जास्तच झालं.

२८ मार्च, दुपारी तालमीनंतर लगेच
जिंकलो!

आज निकालाचा दिवस होता. पहिल्या गाण्यापासून बास असा बसला की माझा मलाच विश्वास बसेना. गोल, जाड, वेळेवर. डॉक्टरीणबाई श्वास घ्यायला थांबली तेव्हा बासही थांबला. खांब म्हणाला, "आज बास मस्त." दोन शब्द जास्तच बोलला तो त्याच्या मानाने. मी विचारलं, मग अठराला मी नक्की? तो म्हणाला, "तू नक्की."

नोंद करण्यासारखं, इंटरनेटवर कुणीच न लिहिलेलं: एक, फ्लॅटवाउंडचा आवाज बोट लागल्यावर किंचित उशिरा येतो. दोन, तिसऱ्या गाण्यात माझं बोट चुकीच्या घरात पडलं, पण आवाज बरोबर आला. चांगल्या तारा चूक पोटात घालतात.

मिक्सरवर माझ्या वायरीच्या वरचा दिवा लागत नव्हता. मेव्हण्याला दाखवलं. म्हणाला, "दिवा गेलाय, भाऊजी." घाई करून घेतलेला माल. मिक्सर घेताना मला विचारलं असतं तर महिनाभर अभ्यास करून दिला असता.

४ एप्रिल
पुन्हा तेच यश. मेट्रोनोम कपाटात. ज्याला गरज असेल त्याने वापरावा. खांबाला भेट द्यावा का?

ही हल्ली गोड बोलते. आज सांगितलं की माझ्याशिवाय हा बँड उभा राहिला नसता, तर म्हणाली, "हो रे. उभं राहण्यात तुझा हात कुणी धरणार नाही." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू घेतली. तारांचा परिणाम घरातही जाणवतोय.

११ एप्रिल
तालीम छान. सगळ्यात जाड तारेचा वेढा खुंटीजवळ उसवलाय, आतली बारीक तार दिसते. उन्हात चमकते. पंधरा वर्षं टिकणार आहे, लगेच काळजीचं कारण नाही.

ऑफिसातल्या सगळ्यांना अठराचं आमंत्रण दिलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही नेमकं काय वाजवता?" म्हटलं, बास. म्हणाले, "म्हणजे गिटारच ना?" अशा लोकांसाठी आपण रक्त आटवायचं. तरी म्हटलं, पुढच्या रांगेत बसा.

१८ एप्रिल, सकाळ
काळा शर्ट इस्त्री करून तयार. हाताला घाम नाही. वायर घेतली, जास्तीची दुसरी वायरही घेतली. व्यावसायिक माणूस वायर विसरत नाही.

आज खांबाला कळेल. मेव्हण्यालाही, पण त्याला मी माफ केलंय.

१९ एप्रिल, सकाळ
कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. साहेब पुढच्या रांगेत होते.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर जाड तार तुटली. खुंटीपासून सुटली आणि सपकन माझ्या मनगटावर बसली. वळ उठलाय. हात तारांवरून काढून घेतला.

बास वाजत राहिला.

गोल, जाड, वेळेवर. मी दोन्ही हात खाली सोडून उभा होतो आणि हेडफोनमध्ये बास वाजत होता. पुढच्या ओळीतही. शेवटपर्यंत.

शक्यता: फ्लॅटवाउंडचा आवाज फार काळ घुमत राहतो. तार तुटल्यावरही. तपासणे.

मेव्हण्याकडे बघितलं. तो त्याच्या डाव्या हाताकडे बघत होता. खांब समोर कुठेतरी बघत होता. मग तिसरं गाणं सुरू झालं, म्हणून मी हात पुन्हा तारांवर ठेवले. उरलेल्या तीन तारांवर. पुढच्या सगळ्या गाण्यांत तसाच उभा राहून ते हलवले.

साहेब शेवटी भेटायला आले. "गिटार मस्त," म्हणाले.

१९ एप्रिल, रात्र
तपासलं. फ्लॅटवाउंडचा आवाज उलट लवकर विरतो. सगळे तेच लिहितायत, तो अक्कल काढणारा तिसराही.

संध्याकाळी मेव्हण्याला फोन केला. विचारलं, कधीपासून? तो बराच वेळ "भाऊजी, भाऊजी" करत राहिला. मग म्हणाला, "एकवीस तारखेला ठरलं. खांब तुम्हाला त्याच दिवशी सांगणार होता. पण तालमीआधी ताईनेच फोन केला मला. म्हणाली, त्याला काढू नका रे. तो घरी बसला तर मी कुठे जाऊ?"

ही स्वयंपाकघरात होती. दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, दिवा गेलेला नव्हता.

तिने गॅस बारीक केला. म्हणाली, "मनगट दाखव." औषध लावलं. मग गॅस पुन्हा मोठा केला. 

२० एप्रिल, ऑफिस
खांब आडवा आलेल्या माणसाने पुन्हा अर्ज केलाय. आता म्हणतो, खांबावर दिवा नव्हता. फाईल उघडी ठेवलीय. शेरा लिहिलेला नाही.

२१ एप्रिल
पुढचा कार्यक्रम ठरला. शनिवार, १३ जून, तोच हॉल. खांबाने फोन करून सांगितलं. नवी तार घ्यावी का, म्हणून विचारलं.  म्हणाला, "कशाला खर्च करतोस? तू ये म्हणजे झालं. मागे जागा मोकळी दिसली की बरं वाटत नाही. सगळे तुला धरून चाललेत. काळा शर्टच घाल. आणि हे बघ, वायर आणू नकोस. उगाच पायात येते."