उन्हात वाळणारी घडी

नुकुआलोफा, ५ मार्च

चि. कालोलाइने हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाळीसाठी शिवलेल्या तुझ्या घडीचा नमुना बोटीने पोचला. माझ्या वयाला तो निरुपयोगी, म्हणून पेलाभर पाणी ओतून परीक्षा घेतली. थेंबही खाली उतरला नाही. परंतु धुऊन दोरीवर टाकला, तो दुसऱ्या दुपारीही पोटात ओलाच. इतके पदर एकत्र शिवल्यावर मधल्यांना वारा लागणार कसा? शिवाय पंखांसकट लटकणारी ती आकृती पाहून शेजारीणबाई कुंपणापलीकडून हसल्या. आज जे बायकांना कळते, ते उद्या पुरुषांनाही कळेल.

तुझी विद्यार्थिनी मेलेआने ओल्या घड्या गादीखाली दडपते, अंगावर पुरळ आले म्हणून शाळेत येत नाही, आणि आता आई तिला कायमची चटया विणायला बसवणार, असे तू कळवलेस. घरात चार भाऊ. बहिणीचे असले कापड भावाच्या नजरेस पडले, तर दोघांचीही मान खाली जाते. ही रीत मोडण्याचा उपदेश त्या पोरीला करू नकोस. तिला तो पेलणार नाही. कापडच असे बेत, की उघड्यावर टांगूनही रीत अबाधित राहील.

टाके सुरेख आहेत. हे आत्या म्हणून लिहिले, परीक्षक म्हणून नव्हे.

आशीर्वाद आहेतच, उत्तर लवकर यावे.

लुसेआने

पांगाई, १८ मार्च

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

तुझा निकाल वाचून आधी रडले, मग कात्री घेतली. आता घडीचे दोन भाग केले आहेत. खाली रेनकोटच्या कापडाची पातळ पट्टी, तिला पंख आणि टिचबटणे. ती पुसून घरातच वाळते. वर मऊ कापडाचा साधा चौकोन. तिहेरी दुमडून पट्टीत खोचायचा. धुतल्यावर उलगडला, की रुमालच. मेलेआनेला दाखवला. ती म्हणाली, बाई, माझे भाऊ आंधळे नाहीत.

आत्या, पुढचे लिहिताना हसू आवरत नाही. रविवारी दोरीवर काही राहू नये, म्हणून शनिवारी सांजेला मी घाईने सगळे गोळा केले, आणि माझा चौकोन इस्त्रीच्या ढिगात गेला. रविवारी देवळात दादा प्रवचनाला उभा राहिला, घामाघूम झाला, आणि त्याने खिशातून तोच काढून कपाळ, मान, कान यथासांग पुसले! वहिनीने ओळखला, पुढच्या स्तोत्रात तिचा सूरच लागेना. घरी आल्यावर दादाने मला विचारले, की असे झकास रुमाल असताना मला आजवर ते खरखरीत फडके का देत होतीस? मी त्याची बहीण; काय बोलणार? आता तो रोज तोच मागतो. तूच मार्ग काढ.

तुझ्या मायेची हक्कदार,

कालोलाइने

नुकुआलोफा, २६ मार्च

चि. कालोलाइने हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा केवळ आनंदासाठी.

आता निर्णय. ज्या पुरुषाने वस्तू हातात धरली, तोंडाला लावली, वर तिची स्तुती केली, त्यालाही ती ओळखता आली नाही. याहून सबळ पुरावा कोणी मागू नये. दोष एकच: वेश गरजेपेक्षा चांगला वठला. म्हणून यापुढे बायकांचे चौकोन फुलाफुलांचे असावेत, आणि तुझ्या दादाला, सितालेकीला, निळ्या काठाचे पांढरे रुमाल द्यावेत. फुलांच्या कापडाला पुरुषाने हात लावू नये, ही त्याच्या आत्याची आज्ञा आहे, असे वहिनीकरवी सांग. कारण विचारायची त्याची छाती नाही. आपल्याकडे बापाच्या बहिणीचा शब्द शेवटचा; मला त्याच्या बापानेही कधी कारण विचारले नाही.

मेलेआनेला देवळातली हकिकत सांग. माझी परवानगी आहे.

माया आहे, ती दूर असूनही कमी नाही.

लुसेआने

पांगाई, ६ एप्रिल

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

सांगायची वेळच आली नाही. मेलेआने त्या रविवारी तिसऱ्या बाकावर होती! मला वाटले होते, ती मान खाली घालून प्रार्थना करते आहे. ती आईच्या पाठीआड हसून बेजार झाली होती. वहिनीकडून तुझी आज्ञा ऐकून तिची आईच फुलांचे कापड घेऊन माझ्याकडे आली, आणि म्हणाली, की उपदेशकांना चालले ते आमच्या घरीही चालेल. दादाने आज्ञा मुकाट्याने मानली; निळ्या काठावर फारच खूश आहे.

पुरळ बरे झाले, मेलेआने सोमवारपासून वर्गात आहे. काल तिच्या घरावरून आले. सगळ्यात कडक ऊन पडते, तिथे भावांची मासेमारीची जाळी असत. ती आता माडाच्या सावलीत गेली आहेत, आणि चौघे भाऊ कुरकुरत आहेत, की हिला एवढे रुमाल लागतात तरी कशाला!

लोभ असाच असू दे, आणि चुका काढणेही.

कालोलाइने