आमच्या सिलोनी बाई

३ मार्च, मंगळवार, सायंकाळी ५.४०
अपमान. तोही जिन्यात, वरच्या नव्या भाडेकरूंदेखत. समोरच्या नर्सची ओळख करून दिली, या आमच्या सिलोनी बाई, रोज माझ्याकडे कॅरम खेळायला येतात. यात वावगं काय? तर म्हणते, श्रीलंकन म्हणा हो मॅडम, किती वेळा सांगू. मी सुनावलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी नकाशा घोटून घेतलाय, तू जन्मायच्या आधी. तर म्हणे, सिस्टर राहायच्या का आमच्याकडे? भाडेकरू हसले. उद्या दार उघडणार नाही.

४ मार्च
उघडलं नाही. बेल वाजलीच नाही, हा भाग वेगळा.

५ मार्च
दोन्ही बाजूंनी एकटीच खेळले. कटकट नाही, बडबड नाही. हरले.

७ मार्च
माळ्यावरून शाळेचा ॲटलास काढला. सिलोन, ठळक अक्षरांत. शेजारी बर्मा, सयाम. सोसायटीच्या सेक्रेटरींना पुरावा दाखवला. म्हणाले, काकू, या सगळ्यांनी नावं बदलली, तुम्हाला तेवढं कळवायचं राहिलं. टवाळ माणूस. वर विचारतो, तुम्हाला कुणी नेटिव्ह म्हटलं तर चालेल?
सिस्टर म्हणायच्या. नेटिव्ह गर्ल्सनी मागच्या बाकांवर बसावं. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी डबा खाल्ला नव्हता. पण तो प्रश्नच वेगळा.

१० मार्च, सायंकाळी ६
वरून स्ट्रायकरचा आवाज. हसणं तिचंच. त्यांच्या बोर्डावर पावडर नाही, नुसत्या आवाजावरून कळतं. खेळा म्हणावं सुखाने.

११ मार्च
दात घासताना सहज म्हणून पाहिलं, श्रीलंकन. जीभ झडली नाही. याला माघार म्हणत नाहीत.

१२ मार्च
समोरच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. नक्कल इथे ठेवते, उद्या कुणी नाकबूल व्हायला नको.
'श्रीलंकन नर्सबाईंस. मंगळवार, ३ मार्चपासून आपण खेळास गैरहजर आहात. कारण कळवलेलं नाही. पांढऱ्या सोंगट्या आपल्यासाठी राखून ठेवल्या आहेत. पावडर भरपूर आहे. येणार की नाही, याचा लेखी खुलासा शनिवार, १४ मार्च, सायंकाळी पाचच्या आत करावा. लिहायला सवड नसल्यास बेल वाजवावी.'