तोफा उतरवल्यावर

ता. १२ नोव्हेंबर ४३. मुंबई, गोदी.
आज आमच्या बोटीच्या मागच्या तोफा उतरवल्या. टॉर्पेडोच्या नळ्याही गेल्या. तिथं तार गुंडाळायचं यंत्र बसवून राह्यलेत. डिस्ट्रॉयरवर लढायला आल्तो, आता पाण्यातले सुरुंग काढायचे. हनीफ म्हणाला, "रघुनाथ, शेरनीचे दात काढले रे." दोघं जालन्याहून संगंच भरती झाल्तो.

ता. २ फेब्रुवारी ४४. पिंपळगाव रेणुकाई.
रजा. सरूला सांगितलं तर हसायलाच लागली. "म्हंजे समुद्र झाडता व्हय तुम्ही?" राग आला. भाकरी वाढताना तिनंच विचारलं, "झाडल्यावर तिथून लोकं जातात का?" जातात, म्हणलं. "मंग बायको म्हणून मला सांगायला लाज न्हाई."

ता. १९ मार्च. समुद्रावर.
काम जमू लागलं. बोटीमागं तार सोडायची, ती खालच्या सुरुंगाची साखळी कापते, सुरुंग वर येतो. मंग लांबूनच गोळी घालून फोडायचा. बोट म्हातारी, पण पळायला अजून बिलकुल तशीच.

ता. २३ मार्च.
सुरुंग तारेतच अडकून मागं मागं आला. यंत्र थांबवलं. दर लाटेला जवळ. हनीफ तार तोडायला कठड्यावरून वाकला, मी त्याचा पट्टा धरून. तार तुटली, साहेबानं बोट जोरात काढली अन् मागं सुरुंग फुटून पाण्याचा डोंगर. हनीफच्या दोन्ही कानांतून रक्त. मला म्हणतो, "नुस्तं तोंड काय हलवून राह्यला? बोल ना."
मी बोलतच होतो.

ता. २४ मार्च.
आम्ही साफ केल्या वाटेनं आज माणसांची बोट गेली. लेकरं, बाया, गाठोडी. हनीफला धरून वर आणला. "ओरडून राह्यलेत का?" मी होय म्हणून मान हलवली. त्यानं हात वर केला, लई वेळ खाली घेतला न्हाई.

ता. ९ नोव्हेंबर ४५. जुना जालना.
रजा संपली. लढाई संपली, पण सुरुंग अजून पाण्यात हायेत. एवढं काम झालं की बोट मोडीत, असं ऐकतो. हनीफला कानांमुळं नौदलातून घरी धाडलं, त्याच्या कापडाच्या दुकानी गेल्तो. डाव्या कानाला आता जरा ऐकू येतं. बोट मोडणार म्हणलं, तर हातातला कापड मोजायचा गज ठेवला. "मोडायच्या आधी एकदा बघायची मला. संगं येतो."
त्याची अम्मी म्हणाली, "जाने दो उसे, बेटा."
उद्या सकाळची गाडी. गोदीच्या फाटकातून त्याला आत सोडतील का, ठाऊक न्हाई. त्यानं ताग्यातलं चांगलं कापड काढून सदरा शिवायला टाकलाय, जल्दीचा.